भेरूघाटात बंद पडणारी गाडी

मे महिन्यात आईला ओंकारेश्वरला नेलं होतं. परतताना बडवाह सोडलं आणि भेरूघाटाच्या चढणीवर गाडी बंद पडली. झटका नाही, आवाज नाही. स्टिअरिंग जड झालं, मीटरवरचे सगळे दिवे लागले आणि मागे ट्रक. कशीबशी कडेला घेतली. स्टार्टर फिरायचा, पण इंजिन धरेना. वीसेक मिनिटांनी पहिल्याच चावीला सुरू झालं आणि थेट इंदूरला, लोकमान्य नगरापर्यंत काही कुरकुर नाही.

पुढच्या दीड महिन्यात तीनदा गॅरेजात नेली. तिथे ती छान चालायची. "भैया, पेट्रोल नहीं पहुँच रहा, पंप बदल देते हैं." पंप बदलला, मग प्लग, मग कॉइल. साडेअकरा हजार गेले आणि गाडी भंवरकुआँच्या सिग्नलला पुन्हा बंद. गॅरेजवाल्याची नियत वाईट नव्हती. पण बिघाड डोळ्यांसमोर घडत नाही तोवर सुटे भाग बदलत राहणं मला पटत नव्हतं. आईला घेऊन पुन्हा घाटात अडकायची भीतीही होतीच.

म्हणून वही केली. गाडी किती वेळ चालली होती, एसी, टाकीत पेट्रोल किती, किती वेळाने सुरू झाली. सात नोंदी झाल्या तेव्हा एक गोष्ट दिसली: पेट्रोल कितीही असो, गाडी बंद पडायची ती चाळीस मिनिटं चालल्यावरच, आणि गार झाली की सुरू. म्हणजे तापल्यावर काहीतरी तुटत होतं.

मग भर दुपारी बायपासला मुद्दाम फिरवत राहिलो. हिने शेजारी बसून मीटरचा व्हिडिओ काढला. पन्नासाव्या मिनिटाला इंजिन गेलं. तो व्हिडिओ मी कितीदा पाहिला असेन! गाडी तिसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला नाही, वेग ४५, आणि आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा, काटा एकदम शून्यावर. क्लच सोडलेला असताना चाकं इंजिनाला फिरवतच असतात. पेट्रोल संपलं असतं तर काटा वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. तो एकदम पडला, म्हणजे इंजिन फिरतंय हेच ईसीयूला, इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, कळेनासं झालं होतं. ही खबर देतो क्रँक सेन्सर. ती बंद झाली की ईसीयू ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. कडेला थांबून लगेच स्टार्टर मारला, मोबाइलला जोडलेला स्कॅनर लावला, तर पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या बिघाडांच्या, यादीत पी०३३५: क्रँक सेन्सरचाच कोड. पुढच्या फेरीत बिघाड झाला नाही तर असा कोड आपोआप पुसला जातो. गॅरेजात तो कधी दिसला नाही, तो बहुधा यामुळेच.

रामबागेतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी गिअरबॉक्सजवळचा सेन्सर काढून दिला. आमचा दोन तारांचा, म्हणजे आत नुसती तारेची गुंडाळी. (तीन तारांचा असेल तर ही परीक्षा सहसा चालत नाही.) मल्टिमीटरवर गार असताना ८७० ओहम. काकांनी केस वाळवायच्या ड्रायरने ऊब दिली: ९३०, ९८०, हजार... तारेचा रोध तापल्यावर एवढा वाढणारच. आणि मग आकडा गेला, पडद्यावर ओएल, म्हणजे जोडणीच नाही. आतली तार तुटली होती. तापली की टोकं फाकायची, गार झाली की चिकटायची. टेबलावर ठेवून दिला, थोड्या वेळाने परत ८७०. काका म्हणाले, "हे बघ, सापडला."

नवा सेन्सर एकोणीसशेचा, बसवायला अर्धा तास. कनेक्टरच्या पिनाही साफ करून घेतल्या. त्यानंतर दोनदा ओंकारेश्वर झालं, एकदा भर उन्हात एसी लावून भेरूघाट चढलो. आई शेजारी झोपली होती. मी मात्र माथा येईपर्यंत आरपीएमच्या काट्यावरच नजर ठेवून होतो.