सीएनसी प्लाझ्मा टेबल : आर्क पेटला की कंट्रोलर झोपायचा

सीएनसी प्लाझ्मा टेबल म्हणजे संगणकाच्या हुकमाने टॉर्च फिरवून, तिच्या प्लाझ्मा आर्कने पत्रा कापणारं टेबल; मोटरींना हुकूम पोचवतो तो कंट्रोलर. असं टेबल वेल्ड करून, रॅक (दातेरी पट्ट्या) बसवून, मोटरी फिरवून बघायला तीन आठवडे लागले. त्यावर पहिला धड गोल कापायला पुढचे अडीच महिने. या अडीच महिन्यांचं मूळ प्लाझ्मा कटर विकणाऱ्याच्या एका वाक्यात आहे: "घ्या ओ, पायलट आर्क हाय, सीएनसीला चालतंय की."

पायलट आर्क होता, पण मशीन निघालं एचएफ स्टार्टचं, म्हणजे उच्च वारंवारतेच्या झटक्याने पेटणारं. पायलट आर्क असणं म्हणजे एचएफ स्टार्ट नसणं, असं नाही. पायलट आर्क म्हणजे टॉर्चच्या आतच, इलेक्ट्रोड आणि नोझलच्या मध्ये पेटणारा छोटा आर्क. तो पेटवायच्या दोन पद्धती आहेत. ब्लोबॅक टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड नोझलला टेकलेला असतो, हवेच्या दाबाने मागे सरकतो आणि ठिणगी पडते. एचएफमध्ये दोघांत कायम फट असते आणि काही हजार व्होल्टचा उच्च वारंवारतेचा झटका ती फट ओलांडतो. हाताने कापणाऱ्याला दोन्ही सारखेच. पण शेजारी स्टेपर मोटर (पल्समागे ठरावीक फिरणारी), लिमिट स्विच (टेबलाची हद्द ओळखणारा) आणि संगणक असेल तर एचएफ म्हणजे दर ट्रिगरला घरात पडणारी छोटी वीज.

दुकानातच ओळखायचं असेल तर मशीनचा प्लग काढून ठेवा, टॉर्च पूर्ण जोडलेली असू द्या आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. एक टोक नोझलला, दुसरं टॉर्च केबलच्या मुख्य इलेक्ट्रोड जोडणीला. बीप वाजला तर ब्लोबॅक, नाही वाजला तर एचएफ. दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐका.

बाकीचं टेबल सरळ आहे, म्हणून थोडक्यात. माप ४ बाय ४ फूट, म्हणजे ८ बाय ४ चा पत्रा अर्धा करून बसतो. फ्रेम ५० बाय ५० मिमी चौकोनी पाइपची, ३ मिमी जाडीची. इथे सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात वेल्डिंग आणि लेथ दोन्हीची सोय होते. रॅक मॉड्यूल १.५ (दाताचं माप), त्यावर चालणारं पिनियन २० दातांचं, मध्ये बेल्टने ३:१ रिडक्शन. पिनियनचा एक फेरा ९४.२५ मिमी, म्हणजे मोटरच्या एका फेऱ्याला ३१.४२ मिमी. मोटरचा ड्रायव्हर फेऱ्याला १६०० पल्सवर ठेवला तर मिलिमीटरला ५०.९३ पल्स येतात. रिडक्शन टाळून पैसे वाचवू नका, नाहीतर कोपऱ्यात टॉर्च थरथरते आणि कडा दातेरी येते. गँट्रीला, म्हणजे टॉर्च धरणाऱ्या आडव्या पुलाला, दोन्ही बाजूंनी नेमा २३ आकाराची मोटर हवी. एकाच बाजूने ओढली की गँट्री तिरकी होते. झेडला (वर-खाली हालचालीला) बॉलस्क्रू आणि तरंगतं हेड: टॉर्च पत्र्याला टेकली की वर उचलली जाते, मायक्रोस्विच दाबतो, तिथे उंचीचं शून्य धरायचं. पातळ पत्रा टेकताना थोडा दबतो, तेवढी तूट ऑफसेटमध्ये टाकायची.

आता गोंधळ. टॉर्च न पेटवता कोरी फेरी घेतली तर मशीन तासभर बिनचूक चाले. ट्रिगर दिला की यूएसबी तुटल्याचा 'टुंग' आवाज, पडद्यावरचे आकडे थिजलेले, गँट्री जागच्या जागी उभी, आणि टॉर्च मात्र चालूच. दोन मिमीच्या पत्र्यात ती तिथेच भोक मोठं करत बसायची. हे नुसतं वैतागाचं नाही, धोक्याचं आहे. म्हणून पहिली दुरुस्ती ही: टॉर्च ऑनचा रिले थेट आउटपुटवर ठेवू नका, वॉचडॉगमधून, म्हणजे कंट्रोलर जिवंत आहे का हे सतत बघणाऱ्या सर्किटमधून, घ्या. कंट्रोलर मेला की रिले सुटलाच पाहिजे. आणीबाणीच्या लाल बटणाने प्लाझ्माचा ट्रिगरही तुटला पाहिजे, नुसत्या मोटरी नव्हे.

दोष शोधताना तो कोणत्या क्षणी येतो ते बघा. ट्रिगरच्या क्षणी येत असेल तर एचएफ. व्यवस्थित पेटून कापता कापता येत असेल तर वर्क क्लॅम्प (पत्र्याला मशीनशी जोडणारा चिमटा), अर्थ किंवा टीएचसीची (आर्कचं व्होल्टेज बघून टॉर्चची उंची राखणाऱ्या यंत्रणेची) वायर. टॉर्च बंद असतानाही माप चुकत असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला दोष देऊ नका, पिनियन शाफ्टवर आवळणारी ग्रब स्क्रू बहुधा सैल आहे. हा भेद न करता सगळ्या वायरींवर गडबड शोषणारी फेराइटची कडी चढवण्यात पंधरा दिवस गेले. फेराइटने त्रास कमी होतो, जात नाही.

जात नाही याचं कारण असं. एचएफला आपल्या उगमाकडे, म्हणजे मशीनकडे, परत जायचं असतं. वर्क क्लॅम्प गंजलेल्या पट्टीला लावला असेल तर त्याला तो रस्ता मिळत नाही. मग तो फ्रेममधून, मोटरच्या केबलच्या शील्डमधून, कंट्रोलरच्या शून्य व्होल्टच्या वायरीतून वाट काढतो. क्लॅम्प थेट पत्र्याला लावा, किंवा फ्रेमवर ग्राइंडरने चकचकीत केलेल्या बोल्टला. रंगावर, गंजावर, स्लॅगवर नाही. निम्मा त्रास इथेच संपला.

उरलेल्यातला मोठा भाग अर्थिंगचा होता, आणि तो सोलापूरच्या मातीचा होता. वायरमन म्हणाला, "अर्थिंग हाय की साहेब, बोर्डात हिरवी वायर आलीय." हिरवी वायर आली होती, तिचं दुसरं टोक कोरड्या खड्ड्यात होतं. आपली काळी माती ओली असताना चांगली वाहक असते, पण मार्चनंतर तिला भेगा पडतात आणि ती पाइपापासून सुटते. खाली मुरूम, मग खडक, त्यामुळे आठ फुटी रॉड घणाने ठोकून चार फुटांवर अडतो. अर्थ टेस्टर लावला तेव्हा ४२ ओम दिसले. यंत्रणेला पाच ओमच्या आत हवेत. मग बोअर पाडून तीन मीटर पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नळीचं तोंड. आता ४ ओम आहेत, पण उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी घातलं तरच.

टेबलासाठी वेगळा रॉड मारला तर तो घराच्या मुख्य अर्थला जोडलाच पाहिजे. दोन सुटे अर्थ ठेवले तर दोघांत व्होल्टेज उभं राहतं आणि एक हात टेबलावर, एक हात संगणकावर असलेल्या माणसाला ते कळतं. टेबल, कंट्रोल बॉक्स, मोटर शील्ड, सगळ्यांच्या अर्थ वायरी एकाच बोल्टवर आणा, एकातून दुसऱ्यात माळ ओवू नका. शील्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला जोडा. दोन्ही टोकांना जोडली की अर्थचं वेटोळं तयार होतं आणि गडबड शील्डमधूनच फिरते. एचएफसाठी वायरीच्या जाडीपेक्षा लांबी महत्त्वाची: दोन फुटांची चपटी तांब्याची वेणी वीस फूट गोल वायरीपेक्षा सरस.

त्यानंतर लिमिट स्विच ५ व्होल्टवरून २४ व्होल्टवर नेले, नॉर्मली क्लोज्ड जोडणीत (एरवी जोडलेली, स्विच दाबला की तुटणारी). खोट्या ट्रिगरचा त्रास त्याच दिवशी गेला. टॉर्चची केबल मोटरच्या केबलपासून फूटभर दूर ठेवली, जिथे ओलांडायचंच तिथे काटकोनात. शेवटी कंट्रोलरचं यूएसबी कार्ड काढून इथरनेटने जोडलं जाणारं मेसा कंपनीचं कार्ड आणि मशीन चालवायला लिनक्ससीएनसी हे सॉफ्टवेअर. इथरनेटच्या सॉकेटमध्ये ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण असतं, यूएसबीत नसतं. हे आधी माहीत असतं तर दुसरं काही विकतच घेतलं नसतं. कार्ड बदलायच्या आधी एक फुकटची चाचणी करा: लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. त्रास घटला तर गडबड मेन लाइनमधून येतेय.

टीएचसीला आर्क व्होल्टेज थेट मशीनच्या आतून देऊ नका. तिथे आर्क नसताना २५० व्होल्टच्या पुढे डीसी असतो. ५०:१ चा विभाजक लावा, आणि झाकण उघडण्याआधी प्लग काढून कपॅसिटर रिकामे होऊ द्या. छिद्रं आणि तीक्ष्ण कोपऱ्यांवर टीएचसी बंद ठेवा. तिथे वेग घटतो, व्होल्टेज वाढतं, आणि टीएचसी टॉर्च खाली नेऊन पत्र्यात खुपसतो. छिद्राचा वेग नेहमीच्या ६० टक्के. बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने, आतलं छिद्र उलट. हवेच्या भोवऱ्यामुळे चांगली कड टॉर्चच्या उजव्या हाताला येते, म्हणून.

हवेचं सांगायचं राहिलं. ४० अँपिअरच्या टॉर्चला साधारण साडेचार-पाच बार दाबावर सलग हवा लागते. दोन एचपीचा कॉम्प्रेसर मोठा आकार पुरा करत नाही, तीन एचपी आणि १६० लिटरची टाकी घ्या. हवा कोरडी आहे म्हणून सोलापुरात पाणी येत नाही असं समजू नका, दाबलेली गरम हवा टाकीपुढे थंड होताना पाणी सोडतेच. सहा-सात मीटर तांब्याची नळी गुंडाळून पाण्याच्या बादलीत, पुढे फिल्टर, पुढे सिलिका जेल. ओली हवा गेली की इलेक्ट्रोडच्या टोकातल्या हाफनियम धातूत लवकरच खड्डा पडतो. खड्डा दीड मिमी झाला की इलेक्ट्रोड आणि नोझल जोडीनेच बदला.

पत्रा ज्यांवर टेकतो त्या पट्ट्या ३ मिमी जाड, ७५ मिमी अंतराने, थोड्या तिरक्या, म्हणजे सरळ कट एखाद्या पट्टीवरून लांबवर धावत नाही. खालच्या ट्रेमध्ये १० सेंमी पाणी म्हणजे जवळपास १५० लिटर. रोज नळ न येणाऱ्या गावात ते बदलणं परवडत नाही, म्हणून गंज रोखायला त्यात सोडा ॲश आणि वर झाकण. पण ट्रे कोरडा ठेवायचा विचार सोडा. शेजारी माग असतील तर उडालेले सुताचे तंतू कोपऱ्यात साचतात, आणि प्लाझ्माची ठिणगी लांबवर जाते. वाळूची बादली हाताशी हवी.

आणि त्याच ट्रेवर ॲल्युमिनियम कापू नका. पाण्यात पडलेल्या वितळलेल्या कणांपासून हायड्रोजन निघतो आणि पत्र्याखाली साठतो. दुसऱ्या दिवशी पहिला पिअर्स देताना, म्हणजे पत्र्याला पहिलं भोक पाडताना, तो पेटतो.