फुल-सस शोध, भाग ५: हरवलेले ५ मिलिमीटर

जुनी फुल-सस (फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी माउंटन सायकल) विकत घ्यायची, त्याचा हा शोध. मागच्या भागात पुण्यातल्या कर्वेनगरची काळी सायकल ‘जवळजवळ नक्की’ असं लिहून मोकळा झालो होतो. त्या ‘जवळजवळ’नं तीन आठवडे खाल्ले. आज सकाळी गाठ सुटली, म्हणून चहा गार होईपर्यंत हे लिहितोय.

यादीतल्या बाकी दोन्ही बाद. एक मीडियम मापाची निघाली, दुसरीच्या मालकानं फोन उचलणं बंद केलं. राहिली काळी. मालक ऑफिसातला ओळखीचा, महिनाअखेरीस जर्मनीला चाललाय. ‘ने, हवं ते उघडून बघ, मग ठरव,’ असं म्हणाला, हे त्याचं मोठेपण. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पुढे १२० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वर-खाली हलण्याचं अंतर), मागे १२०. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा चिमटा) १२०सारखाच वागतो. मागचं मात्र वेताळ टेकडीवर खाणीच्या कडेनं उतरताना गुडघाभर उंचीचा दगड आला की ‘ठक’. दर वेळी. कंबरेपर्यंत जाणवेल असा.

पहिला संशय अर्थातच पिव्होट बेअरिंगवर (पिव्होट म्हणजे मागचा सांगाडा ज्यावर हलतो तो सांधा). मुख्य पिव्होटची ६९०२ मापाची दोन्ही बेअरिंग हाताला करकरत होती, तेव्हा नाना पेठेत जाऊन नवी आणली. दुकानदारानं विचारलं, ‘कुठल्या मोटरची?’ सायकलची म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. त्याच्याकडची साधी, गोळ्यांमध्ये अंतर ठेवणाऱ्या जाळीची होती. पिव्होट पूर्ण फिरत नाही, थोड्याच अंशांत नुसता झुलतो, त्यामुळे तिथं जाळी नसलेली, गोळ्यांनी गच्च भरलेली बेअरिंगच टिकतात. तूर्त साधी बसवली, ग्रीस सढळ हातानं भरलं. करकर गेली. ठक तशीच.

मग मागच्या शॉकमधली हवा. १६० पीएसआयवरून (पीएसआय हे दाबाचं एकक) चढवत १८५ला नेली. ठक कमी झाली, पण सायकल हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली) झाली. मग हार्डटेल काय वाईट होती? (हार्डटेलपंथीयांनो, इथं हसू नका. लंडन २०१२ ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक शर्यतीत कुल्हावीनं शुर्टरला हरवलं तेव्हा खाली फुल-सस होती आणि शुर्टरच्या खाली हार्डटेल. हा मुद्दा मी भाग २ पासून उगाळतोय आणि उगाळत राहणार.) त्यानंतर एअर कॅनमध्ये (शॉकच्या हवेच्या नळकांड्यात) एक व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) वाढवला. ठकचा आवाज बदलला, ठक गेली नाही.

एवढे दिवस एक गोष्ट डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचत नव्हतो. शॉकच्या दांड्यावरची ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी कडी) दर वेळी एकाच जागी येऊन थांबायची. १६०ला तिथंच, १८५ला मोठ्या दगडावर तिथंच. हवेमुळे थांबत असती तर जागा हलली असती.

आज शॉक काढला. एका डोळ्यापासून (बोल्टच्या भोकापासून) दुसऱ्या डोळ्यापर्यंत १९० मिलिमीटर. शॉकवरचं लेबल कधीच घासून गेलंय, आणि १९० हा आकडा फसवा आहे: जुन्या इंची मापात १९० बाय ५१ असतो, २०१६नंतरच्या मेट्रिक मापात १९० बाय ४५. दुसरा आकडा स्ट्रोकचा, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो त्याचा. मी ४५ गृहीत धरून बसलो होतो. सगळी हवा सोडून दाबला आणि व्हर्नियर लावला. ४०. पुन्हा लावला. ४०.

आता फ्रेम कितीची? शॉक परत बसवला, हवा भरलीच नाही. वॉचमनकाकांनी मागचं चाक उचलून धरलं, मी भिंतीवर पेन्सिलीनं ॲक्सलच्या दोन खुणा केल्या. (हिचं म्हणणं, भिंत मागच्याच दिवाळीला रंगवली होती.) दोन खुणांमधलं अंतर १०७. भागिले ४०, म्हणजे २.६७च्या आसपास लिव्हरेज (शॉक एक मिलिमीटर दबला की चाक किती हलतं ते). आणि २.६७ गुणिले ४५? १२०! फ्रेम १२०चीच आहे, मालक खोटं बोलत नव्हता, फक्त शॉकमधले ५ मिलिमीटर कुणीतरी खाल्ले होते. खरं सांगतो, नवी सायकल घेतल्याचा आनंद याच्यापुढे काय असेल.

मेट्रिक शॉकमध्ये एकाच लांबीच्या शॉकला आत स्पेसर घालून स्ट्रोक अडीच-अडीच मिलिमीटरनं कमी करतात: ४५, ४२.५, ४०, ३७.५. हा ट्रॅव्हल स्पेसर. मी आधी वाढवला तो व्हॉल्यूम स्पेसर, त्याचा याच्याशी संबंध नाही. बऱ्याच जणांची गल्लत होते, माझीही झालीच होती. काही शॉकमध्ये यासाठी अख्खा डॅम्पर (शॉकचा वेग आवरणारा तेलाचा भाग) उघडावा लागतो, ते काम बाल्कनीतलं नव्हे. माझ्या नशिबानं इथं एअर कॅन फिरवून काढली की दांड्यावर समोरच पांढरी प्लॅस्टिकची कडी. ५ मिलिमीटर. चिमट्यानं ओढली, निघाली. सील पुसून तेल दिलं, कॅन परत लावली.

पण कुणी घातली होती, आणि का? मालकाला फोटो पाठवला. उत्तर: ‘अरे हो, सासवडकडच्या काळ्या मातीत चाक अडकायचं, तेव्हा मेकॅनिकनं काहीतरी केलं होतं.’ म्हणजे मूळ टायर २.२५ इंच रुंद, यानं घातला २.४, शॉक पूर्ण दबला की टायर सीट ट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) जवळ जायचा. म्हणून लगेच तपासलं: हवा शून्य, शॉक पूर्ण दाबलेला, मधली फट ६ मिलिमीटर. टेकडीवरच्या मुरुमाला पुरेशी. जुलैत काळ्या मातीला नाही. तेव्हा २.२५ चढवायचा. कडी फेकलेली नाही, सुट्या वॉशरच्या डबीत ठेवलीय.

लगेच पंचवटीकडून टेकडीवर. सॅग (नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो वाटा) २५ टक्के, १६० पीएसआय, पाठीवर पाण्याची पिशवी धरून. (पंप सोडताना फुस्स होतं ती नळीतली हवा, शॉकमधली नव्हे. त्या आवाजाला घाबरून मी वर्षभर १० पीएसआय जास्त भरत होतो. आणि काट्याचे स्वस्त शॉक पंप घेऊ नका, त्यावर १६० आणि १७० यांतला फरक अंदाजानंच कळतो.) तोच दगड. ठक नाही. परत वर ढकलत नेली, परत उतरलो. नाही! ओ-रिंग ४३वर. फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं, ‘काही हरवलंय का?’ सापडलंय म्हटलं.

आणि मग चढावर पेडल दगडांना लागायला लागलं. सात-आठ वेळा. पहिल्यांदा वाटलं, कडी काढून चूक केली. पण हिशेब तसा निघत नाही. आधी मी १८५वर चालवत होतो, तेव्हा सॅग जेमतेम १८ टक्के, म्हणजे १०७ पैकी १९ मिलिमीटर. आता १२० पैकी ३०. मागचं चाक ११ मिलिमीटर जास्त बसतं आणि बॉटम ब्रॅकेट (पेडलच्या दांड्यांचा आस) साधारण ७ मिलिमीटर खाली येतो. सायकल आत्ता जिथं बसायला हवी तिथं बसतेय, आधीची उंची हवेची होती.

लिहिता लिहिता सुचलं: क्रँक (पेडलचा दांडा) १७५ मिलिमीटरची आहे! माझ्या पायांना १७० चालते, जुन्या हार्डटेलवर तीच आहे. तिथं ५ मिलिमीटर मिळाले, सॅग २२ टक्क्यांवर आणली की आणखी २. झाले की ७. म्हणजे उद्या टायर नाही, आधी क्रँक. फक्त जुनी क्रँक नॉन-बूस्ट (अरुंद हबसाठीची), काळीची मागची हब बूस्ट (रुंद), म्हणून चेनलाइन (साखळीची रेघ) ३ मिलिमीटर बाहेर हवी. त्यासाठी ६ ऐवजी ३ मिलिमीटर ऑफसेटची (आत कमी सरकलेली) चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) लागेल.

मालकाला कळवलं की बरी चालतेय. त्याचं उत्तर: ‘मग पाच हजार वाढवू का?’ मी कडीचा फोटो परत पाठवला.

रविवारी सहाला एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूनं टेकडीवर जाऊ. कुणाकडे ३२ दात्यांची, ३ ऑफसेटची चेनरिंग पडून असेल तर घेऊन या.