ग्रास कटरचं इंजिन विमानाला: पैसे वाचतात म्हणून नाही, स्पेअर मिळतात म्हणून

आधीच सांगून टाकतो, गवत कापायच्या मशीनचं इंजिन मॉडेल विमानाला लावलं की लई पैसे वाचतात असं ज्याला वाटतं त्यानं ह्या नादाला लागू नये. इंजिन स्वस्तात मिळतं हे खरं, कुणाच्या तरी शेडमध्ये दांडा वाकलेलं नायतर पुढचं गिअर हेड गेलेलं मशीन पडलेलं असतंय आणि इंजिन एकदम ठणठणीत, पण मग लेथचं काम, प्रॉप म्हणजे पुढचा पंखा, इग्निशन, टाकी, पेट्रोलला टिकणारी नळी असं करत करत बिल कुठं जातं ते कळत नाही, आणि एवढं करून हातात येतं ते तयार आरसी (रिमोटवरच्या विमानाच्या) इंजिनापेक्षा जड आणि ताकदीला जरा कमीच. तरी मी हेच वापरतो आणि पुढं पण हेच वापरणार. कारण एकच. बाहेरून मागवलेल्या इंजिनाची रिंग गेली की बसा कुरिअरची वाट बघत, आणि ह्याची रिंग, पिस्टन, गॅस्केट, कॉइल, कार्बोरेटरचं डायफ्राम किट सगळं शेती अवजारांच्या दुकानात काउंटरवर मिळतं. दुकानदार फक्त एवढंच विचारतो, "त्रेचाळीस का बावन्न?"

तर त्रेचाळीस का बावन्न. आपल्याकडं जी चायना बनावटीची मशिनं फिरतात त्यात बहुतेक हीच दोन इंजिनं असतात. बॉडीवर १ई४०एफ असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला ४० म्हणजे बोअर ४० मिमी, स्ट्रोक ३४, हिशोब केला की ४२.७ सीसी. १ई४४एफ म्हणजे बोअर ४४, स्ट्रोक तोच ३४, झाले ५१.७ सीसी. मी ४३ च्या बाजूचा आहे, ५२ जरा जास्त थरथरतं असं माझं मत, बाकीच्यांचं वेगळं असेल. फवारणीच्या पाठीवरच्या पंपाचं २६ सीसी इंजिन पण सांगोल्याकडच्या डाळिंबवाल्यांकडं भरपूर असतं, पण ते घेऊ नका, कारण त्याला बहुतेक फ्लोटचा कार्बोरेटर असतो, म्हणजे वाटीत पेट्रोल साठणार आणि वाटी सरळ आहे तोपर्यंतच सगळं नीट चालणार, विमान वळलं उलटलं की खेळ खलास. ग्रास कटर माणूस कसाही वाकडातिकडा धरतो म्हणून त्याला डायफ्रामचा कार्बोरेटर देतात, क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर तो स्वतःच पेट्रोल ओढून घेतो आणि उलटं धरलं तरी बंद पडत नाही. विमानाला नेमकं हेच पाहिजे. घ्यायच्या आधी कार्बोरेटर बघाच, खाली वाटी लोंबत असेल तर दुकानातून बाहेर या.

मग काढाकाढी. दोरीचा स्टार्टर, प्लॅस्टिकचं कव्हर, खालची टाकी, क्लच, सगळं जातं. क्लचचे बूट फ्लायव्हीलवर दोन बोल्टांनी बसवलेले असतात, ते काढले की फ्लायव्हील दिसतं, आणि खरं डोकं इथंच लावायचं. फ्लायव्हीलवर चुंबक आहे, त्याच्यावर कॉइलची ठिणगी चालते, आणि त्याच्यावर पंख्याची पाती आहेत ज्यांची विमानात काही गरज नाही कारण समोर प्रॉप वारा मारणारच आहे. तेव्हा एक तर फ्लायव्हील ठेवायचं, लेथवर पाती उतरवून घ्यायची, परत बॅलन्स बघायचा आणि मूळ मॅग्नेटोवरच (म्हणजे ह्याच चुंबक-कॉइलवर) चालवायचं, नायतर फ्लायव्हील पूर्ण काढून टाकायचं, ॲल्युमिनियमचा नवीन हब (प्रॉप क्रँकवर बसवायचा तुकडा) बनवायचा, त्यात बारीक चुंबक बसवायचं आणि चुंबक ओळखणाऱ्या हॉल सेन्सरवाली बॅटरीची सीडीआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायची. काही जण क्लचच्याच दोन भोकांत बोल्ट मारून त्याच्यावर प्रॉपची प्लेट लावतात. मला ते बिलकूल पटत नाही, ओतीव ॲल्युमिनियममधल्या दोन आट्यांच्या भरवशावर २० इंची प्रॉप फिरवायचा म्हणजे काय. साधा गुणाकार करून बघा, २० इंची प्रॉप ७००० आरपीएमला फिरला की टोकाचा वेग सेकंदाला १८६ मीटर होतो, म्हणजे ताशी ६७० किलोमीटर.

म्हणून हब नीटच करायचा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे एक लेथवाले अण्णा आहेत, आयुष्य सगळं लूमचे शाफ्ट आणि रोलर टर्न करण्यात गेलं. मी क्रँक टेबलावर ठेवला तर आधी चष्मा वर करून म्हणाले, "काय करायलास बे हे? गवताचं मशीन इमानाला?" आणि मग पुढची दहा मिनिटं मीच गप्प, ते बोलायले. क्रँकच्या टेपरचा, म्हणजे निमुळत्या टोकाचा, कोन मोजत बसायचंच नाही म्हणाले, क्रँक लेथवर सेंटरला धरायचा, डायल गेज लावायचा, कंपाउंड स्लाइड (लेथची तिरकी फिरणारी पट्टी) टेपरवरून सरकवून डायलचा काटा हलायचा बंद होईपर्यंत कोन फिरवायचा, झालं, आता कंपाउंडला हात न लावता त्याच कोनात हबचं भोक बोअर करायचं. मग टेपरला निळी शाई लावून हब दाबून बघायचा, शाई सगळीकडं सारखी उमटली तर बरोबर, एकाच टोकाला उमटली तर परत. शेवटी व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं थोडं घासलं. टेपर असा पूर्ण अंगानं बसला की जोर सगळा टेपरची पकडच घेते, ती अर्धचंद्राची छोटी चावी (की) फक्त ठिणगीचं टायमिंग जुळवायला. हे ज्याला माहीत नाही तो चावी तुटली की जाड चावी लावतो आणि क्रँकच खराब करून बसतो. हब तयार झाल्यावर अण्णांनी परत डायल लावून रनआउट (फिरताना किती डगमगतो ते) बघितला, मी म्हटलं राहू द्या अण्णा, विमानालाच तर लावायचंय, तर म्हणाले, "लूमला चालत नाही, इमानाला कसं चालंल?"

फिरायची दिशा हब करायच्या आधी तपासा. साधा प्रॉप समोरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. ह्या इंजिनांची फ्लायव्हीलची बाजू सहसा तशीच फिरते, दोरी ओढून खात्री करून घ्या. उलटं निघालं तर पुशर प्रॉप (उलट्या पिळाचा) हा एक मार्ग. पिस्टन पोर्टवालं टू स्ट्रोक तसं दोन्हीकडं फिरू शकतं, पण मग मॅग्नेटोचं टायमिंग त्याला जुळत नाही.

मॅग्नेटो का सीडीआय ह्याच्यावर आमच्यात कायम भांडण. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, वायरिंग नाही, काही नाही, पण ठिणगी पडायला इंजिन जोरात फिरवावं लागतं आणि बहुतेकांचं टायमिंग एकाच ठिकाणी पक्कं असतं, म्हणजे हातानं प्रॉप मारताना पिस्टन वर पोचायच्या आधीच स्फोट होऊन प्रॉप उलटा फटका मारू शकतो. सीडीआय कमी आरपीएमला टायमिंग आपोआप मागं घेते, त्यामुळं हातानं हळू फिरवलं तरी सुरू होतं आणि फटका बसायची भीती पुष्कळ कमी. मी सीडीआयवाला. वजन पण कमी होतं, फ्लायव्हील गेलं ना. फक्त रिमोटच्या सिग्नलमध्ये गडबड नको म्हणून सीडीआयची बॅटरी रिसीव्हरपासून वेगळी ठेवा, प्लग रेझिस्टरवाला घ्या, थ्रॉटलच्या लिंकमध्ये धातूवर धातू घासू देऊ नका, आणि इग्निशन बंद करायचा स्विच रिमोटवरून पण चालला पाहिजे आणि विमानाच्या अंगावरून पण. मॅग्नेटो ठेवला तरी हे सोपं आहे, कॉइलची किल वायर बॉडीला टेकवली की ठिणगी बंद. आणि कुठलंही इग्निशन असो, सुरू करताना जाड हातमोजा घालायचा, विमान दुसऱ्यानं मागून धरायचं, प्रॉपच्या रेषेत कुणी पोरगं उभं राहता कामा नये.

इंजिन फायरवॉलला (विमानाच्या नाकातल्या भिंतीला) बसवायला जिथं दोरीचा स्टार्टर होता ती मागची बाजू वापरतो, तिथल्याच भोकांत बोल्ट आणि मधे डिस्टन्स पीस. ह्यात फार काही सांगण्यासारखं नाही.

आता सोलापूरचा खरा विषय, ऊन. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. त्याच्यावर मे महिन्यात पारा ४२ ला गेला की हवा इतकी पातळ होते की एका घनमीटरमध्ये साधारण १.०६ किलोच हवा उरते, समुद्रकिनारी १५ डिग्रीला हीच १.२२५ असते. म्हणजे १३ टक्के हवा गायब. पुस्तकातल्या स्टँडर्ड हवेच्या हिशोबानं ही घनता १४५० मीटरच्या वर येते, म्हणजे मे महिन्यात दुपारी होम मैदानावर उभा राहिलेला माणूस हवेच्या बाबतीत महाबळेश्वरच्याही वर उभा असतो, फक्त गारवा तेवढा नाही! इंजिनाला हवा कमी म्हणून ताकद कमी, प्रॉपला पकड कमी, पंखाला उचल कमी, तिन्हीकडून मार. पुण्या-मुंबईच्या माणसानं थंडीत उडवून दाखवलेलं सेटिंग बघून आपण मे महिन्यात तेच करायला गेलो तर टेकऑफला रान पुरत नाही. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उडवायचं, नायतर घरी बसायचं.

ह्यात एक गंमत आहे. हवा पातळ झाली की कार्बोरेटरचं मिश्रण आपोआप रिच (पेट्रोल जास्त) होतं, ४२ डिग्रीला साधारण ७ टक्के. आणि पंपावर आता जे ई२० पेट्रोल मिळतं, ज्यातलं २० टक्के इथेनॉल कदाचित आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असेल, त्यानं मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं, कारण शुद्ध पेट्रोलला एक भाग जाळायला १४.७ भाग हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९. म्हणजे ई२० ला साधारण ८ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. म्हणून भर उन्हाळ्यात जुन्या सेटिंगवर पण इंजिन बरं चालतं, एक दुसऱ्याला खाऊन टाकतं. खरा धोका उलट जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत सकाळी गार दाट हवा आणि टाकीत ई२०, दोन्ही मिळून लीन, आणि टू स्ट्रोक लीन चाललं की तेल पण कमीच पोचतं, पिस्टन धरलाच म्हणून समजा. म्हणून थंडीत कार्बोरेटरवरची एचची सुई (फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारा स्क्रू) थोडी उघडायची. सुरुवात एल (कमी वेगाची सुई) आणि एच दोन्ही दीड दीड फेरा उघडून करा, पूर्ण थ्रॉटलला इंजिन जरा घुरघुरलं पाहिजे, नाक वर केल्यावर स्वच्छ वाजलं पाहिजे. सगळ्यात जास्त आरपीएम जिथं मिळतात तिथं सुई ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. तेल पहिल्या काही टाक्या २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली, नंतर ३०:१ म्हणजे ३३ मिली.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि डायफ्राम कडक करतं, तेव्हा उडवून झालं की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. ग्लो इंजिनाची (मिथेनॉलवर चालतं त्याची) सिलिकॉनची नळी पेट्रोलला लावू नका, फुगते. टाकीचं बूच पण पेट्रोलचंच.

गार ठेवायचं म्हणजे नुसतं समोर भोक पाडून भागत नाही. हवा सोप्या वाटेनं इंजिनाच्या बाजूनं पळून जाते, तिला प्लायच्या नायतर पत्र्याच्या आडोशानं सिलिंडरच्या फिन्समधूनच जायला भाग पाडायचं, आणि बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेपेक्षा दुप्पट तरी मोठी ठेवायची, गरम हवा फुगते. जमिनीवर उभं करून फार वेळ फुल थ्रॉटल देऊ नका.

विमान कुठलं? मोठं, हळू आणि पोटात जागा असलेलं. पायपर कबचा पाव मापाचा मॉडेल घ्या, खऱ्याचा पंख १०.७ मीटरचा, म्हणजे आपला सुमारे २.७ मीटर, त्याला ४३ सीसी आणि २०x८ प्रॉप (२० इंची, एका फेऱ्याला ८ इंच पुढं ओढणारा) मस्त जमतो. कबचं नाक आखूड असतं, पुढं वजन हवंच असतं, शिसं भरण्यापेक्षा जड इंजिन बरं. थ्रीडी कलाबाजीवाल्यांनी तयार इंजिनच घ्यावं, उगाच इकडं येऊ नये. बाल्सा परवडत नाही म्हणून पंखाला काय लावायचं हे विचारलं तर आमच्या ग्रुपमध्ये हमखास कुणीतरी म्हणतंच, चादर लाव की बे, सोलापूरला राहतोस ना.

जागेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. होटगी रोडचं विमानतळ आता खरंच चालू आहे, २०२३ च्या जूनमध्ये विमानाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली आणि २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतचं मॉडेल विमान हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवायला टाइप सर्टिफिकेट लागत नाही, पण हवाई हद्द सगळ्यांना सारखीच. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय विचारच करायचा नाही, ८ ते १२ मध्ये ६० मीटरच्या खाली, त्याच्या पलीकडं ग्रीन झोन असेल तर १२० मीटरपर्यंत, आणि नकाशा दर वेळी बघायचा. नान्नजकडं माळरान दिसलं म्हणून जाऊ नका, ते माळढोकचं अभयारण्य आहे. ज्वारी निघाल्यावर कुणाचंही रान सपाट दिसतं पण धसकटं राहिलेली असतात, चाकाला आणि प्रॉपला दोन्हीला वाईट, मालकाला विचारून एक पट्टा आधी साफ करून घ्यावा लागतो. ते काम आम्ही ग्रास कटरनंच करतो, अजून एक शिल्लक आहे, त्याचं इंजिन अजून त्याच्याच दांड्यावर आहे.

हबचं ड्रॉइंग माझ्याकडं आहे, पाहिजे त्याला देतो, पण टेपरचं माप त्यावरून घेऊ नका, दोन वेगवेगळ्या ४३ सीसीमध्ये पण शाफ्टला फरक असू शकतो, क्रँक घेऊनच लेथवर जा. अण्णांकडं जायचं असेल तर दुपारी एक ते चार शटर खाली असतं.