एसटीडी बूथ ते सेवा केंद्र : आमची वाटचाल

तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडसमोरच्या एका गाळ्यात आमचा धंदा चालतो. पाटीवरचा मजकूर मात्र बदलत गेला. आधी एसटीडी-आयएसडी-पीसीओ, म्हणजे परगावी आणि परदेशी फोन लावायचा सार्वजनिक बूथ, मग त्याखाली झेरॉक्स, मग रिचार्ज आणि सिमकार्ड, आणि आता आपले सरकार सेवा केंद्र, 'आधारवर पैसे काढून मिळतील'. प्रत्येक नव्या यंत्रणेबरोबर ऐकायला मिळालं की आता मधल्या माणसाचं काम संपलं. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाचं काम दर वेळी नव्या ठिकाणी अडायला लागलं आणि आमची कमाई त्या अडण्याच्या जागेवर उभी राहिली. ती जागा कुठून कुठे सरकली आणि तिथे काय बिघडतं, हे या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी लिहितो आहोत.

१९८४ साली सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी देशी टेलिफोन एक्स्चेंजेस तिने तयार केली आणि तालुक्याच्या, मोठ्या खेड्यांच्या गावी एसटीडी पोचायचा रस्ता मोकळा झाला. घरी फोन हवा तर प्रतीक्षायादी वर्षानुवर्षांची. म्हणून बूथ. परवान्यात अपंग, माजी सैनिक यांना प्राधान्य असे.

बूथचा जीव त्याच्या मीटरमध्ये होता. गिऱ्हाईक काचेच्या केबिनमध्ये नंबर फिरवायचं. पलीकडून फोन उचलला की एक्स्चेंज लाइनची पोलॅरिटी, म्हणजे धन-ऋण बाजू, उलटी करायचं आणि त्या खुणेवर मीटरचं घड्याळ सुरू व्हायचं. अंतर जितकं जास्त, तितका पल्स छोटा, म्हणजे एका युनिटच्या पैशात बोलायला कमी सेकंद. कोणत्या एसटीडी कोडला कोणता टप्पा आणि कोणत्या वेळेला कोणता दर, हे कोष्टक यंत्रात भरलेलं असे. सरकारने दर बदलले की त्याच दिवशी ते बदलून घ्यावं लागे. नाहीतर यंत्र जुन्या दराने बिल फाडायचं आणि महिन्याचं बिल नव्या दराने यायचं. जुन्या एक्स्चेंजमधून जाणाऱ्या कॉलला पोलॅरिटीची खूण कधी कधी येतच नसे. मग यंत्र एक तर बिलच करत नसे, किंवा काही सेकंदांनी आपोआप सुरू करण्याची सोय लावली असेल तर समोर घंटा वाजत असतानाच पैसे मोजायला लागे. काउंटरवरची बहुतेक भांडणं इथली. त्यामुळे रोज रात्री यंत्रातल्या युनिटची बेरीज वहीत मांडायची आणि बिल आलं की ताडून बघायचं, हा या धंद्याचा पहिला नियम होता.

पावसाळ्यात लाइनवरून येणारी आकाशातली वीज मीटर जाळायची. त्यावर उपाय साधा: लाइन आत येते तिथे गॅस ट्यूबचं अरेस्टर, म्हणजे वीज जमिनीत उतरवणारा भाग, आणि त्याला खरंखुरं अर्थिंग, म्हणजे कोळसा आणि मीठ भरलेला खड्डा, उन्हाळ्यात त्यात पाणी. पुष्कळ जण अरेस्टर बसवत आणि त्याची वायर खिडकीच्या गजाला बांधत. त्याचा काही उपयोग नाही. भारनियमनात मात्र बूथ चालू राहायचा, कारण टेलिफोनला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून लाइनवरच येतात. बिलाच्या प्रिंटरला तेवढी एक छोटी बॅटरी पुरे.

रात्री दर आधी निम्मा आणि उशिरा पाव व्हायचा, म्हणून रांग लागायची ती जेवणानंतर. त्या रांगेत तालुक्याचं अर्थकारण उभं असे: ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम, आखाती देशात गेलेल्यांची घरची माणसं, मुंबई-पुण्याच्या बाजारात भाव विचारणारे आडते. ज्यांच्याकडे फोन नव्हता ते लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर आमचा नंबर 'पीपी' म्हणून छापत. फोन आला की पोरगं सायकलवर निरोप द्यायला धावायचं आणि पलीकडच्याने दहा मिनिटांनी परत फोन करायचा. निरोपाचे पैसे वेगळे. बिलावरच्या कमिशनइतकाच भरवसा गल्ल्याला या निरोपांचा होता.

बूथ मोबाइलमुळे बुडाला असं लोक म्हणतात. आम्हाला वाटतं, खरं कारण दराच्या रचनेत आहे. मोबाइल देशात १९९५ पासून होता. पण आलेला फोन उचलायलाही पैसे पडत, म्हणून तो मोजक्यांच्या खिशात राहिला. मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं आणि बिनपैशाचा मोबाइलही उपयोगाचा ठरला. बॅलन्स संपलेला असला तरी निरोप घरी येतो म्हटल्यावर पीपी नंबर आणि सायकलवरचं पोरगं दोन्ही एकदम संपलं. मग १ मार्च २००६ ला बीएसएनएलने देशभर एक रुपया मिनिटाची योजना आणली आणि अंतराचा टप्पा, रात्रीचा पाव दर, मीटरमधलं कोष्टक या सगळ्याचा अर्थ गेला. बूथची केबिन काढली तिथे झेरॉक्स मशीन बसलं.

झेरॉक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि अडकतो, म्हणून उघडं रीम बल्बखालच्या बंद कपाटात ठेवायचं. स्वस्त टोनर ड्रम खातो. आणि हे मशीन दुकानातल्या साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही.

रिचार्जचा धंदा उलाढालीने मोठा आणि नफ्याने बारीक. शंभराला दोन-तीन रुपये सुटायचे. आधी खरवडायची कूपनं, मग दुकानदाराच्या सिमवरून होणारं ई-टॉपअप. डिस्ट्रिब्युटरकडे पैसे आधी भरायचे आणि गिऱ्हाइकांना रिचार्ज पुष्कळदा उधारीवर द्यायचं, त्यामुळे भांडवल दोन्ही बाजूंनी अडकायचं. एका आकड्याची चूक झाली की रिचार्ज भलत्याच्या फोनवर. शंभराचा रिचार्ज चुकला तर तो भरून काढायला साडेतीन ते पाच हजारांचा धंदा करावा लागे. म्हणून नंबर गिऱ्हाइकाने स्वतः वहीत लिहायचा आणि आपण तो मोठ्याने वाचून दाखवायचा. लिहिता न येणाऱ्याच्या फोनवरून आपल्या नंबरवर मिस्ड कॉल घ्यायचा आणि आलेला नंबर बघून रिचार्ज मारायचा. ही पद्धत सगळ्यात बिनचूक. दहा रुपयांचं रिचार्ज मागणाऱ्याला कर आणि प्रोसेसिंग फी कापून दहाचा टॉकटाइम मिळत नाही हे आधी सांगायचं, म्हणजे वाद होत नाही.

हेही गेलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं डेटाच्या पॅकमध्येच मिळू लागलं आणि दहा-वीसच्या रिचार्जची जागा २८ दिवसांच्या पॅकने घेतली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं, नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. पुढच्या काही वर्षांत ज्याच्या हातात स्मार्टफोन तो आपलं रिचार्ज आपणच करू लागला. काउंटरवर उरले ते साधा फोन वापरणारे, म्हातारी माणसं आणि पुष्कळ बायका.

आता सरकारी सेवांकडे येतो. गेल्या दहा वर्षांतला खरा धंदा हाच. महाराष्ट्रात २०१५ ला लोकसेवा हक्क कायदा झाला, दाखल्यांना मुदत ठरली आणि उत्पन्न, रहिवास, जात, नॉन-क्रीमीलेअरचे अर्ज ऑनलाइन झाले. अनेक दाखल्यांची फी बरीच वर्षं ३३ रुपये ६० पैसे होती आणि त्यातला केंद्रचालकाचा वाटा बघता, नियमाने चालणाऱ्याला धंदा टिकवायचा तर अर्ज पहिल्या फेरीत मंजूर होणं एवढाच मार्ग आहे. परत आलेला अर्ज म्हणजे फुकटची दुप्पट मेहनत.

अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. आपले सरकार पोर्टलला फोटो १६० पिक्सेल रुंद आणि २०० ते २१२ पिक्सेल उंच हवा, वजन ५ ते २० केबी. कागदपत्रांना वरची मर्यादा आहे तशी खालचीही, ७५ केबी. मोबाइल ॲपमधून फार दाबून आणलेली फाइल म्हणूनच नाकारली जाते. स्कॅन २०० डीपीआयवर, रंगीत, सरळ धरून केला की बहुतेक फाइली बसतात. यापेक्षा अवघड गोष्ट नावाची. बाईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग, आणि रेशनकार्डावर घरातलं हाकेचं नाव. संगणक ही चार माणसं धरतो. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला असेल तर बरंच सुटतं. नसेल तर आधी तो, नाहीतर राजपत्रात नावबदल, आणि मग आधार, बँक, शेवटी योजना, याच क्रमाने. उलट क्रमाने गेलं तर प्रत्येक ठिकाणी दोनदा जावं लागतं.

योजनांचा पैसा थेट खात्यात येऊ लागल्यावर नवा गोंधळ उभा राहिला. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि त्या खात्यावर डीबीटीसाठी, म्हणजे योजनेचा पैसा थेट जमा होण्यासाठी, सीडिंग (आधारची नोंद) असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधारवर येणारा पैसा कुठल्या बँकेत जाणार हे बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या मॅपरमध्ये, म्हणजे नोंदयादीत, ठरतं आणि तिथे एका आधारला एकच बँक असते, शेवटी सीड झालेली. बचत गटाच्या कर्जासाठी किंवा मोबाइलवर झटपट उघडलेल्या खात्यासाठी कुठे तरी संमती दिली गेली की योजनेचे पैसे तिकडे जातात आणि बाई जुन्या पासबुकावर नोंद मारून 'आले नाहीत' म्हणते. म्हणून तक्रार लिहिण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती बघायची: बँकेचं नाव, सक्रिय आहे की नाही, तारीख. 'पैसे बुडाले' म्हणून आलेल्या पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.

खात्यातले पैसे आमच्या काउंटरवर आधारवर काढायला अंगठा. ऊसतोड, गवंडीकाम, कापूस वेचणी करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. आमची रीत अशी: यंत्राची काच कोरड्या मऊ कापडाने पुसायची. गिऱ्हाइकाने हात साबणाने धुऊन पुसायचे, बोट फार कोरडं असेल तर किंचित ओलसर करायचं. अंगठ्याऐवजी अनामिका आधी लावायची, कारण कामात ती कमी घासते. बोट काचेवर सपाट ठेवायचं, दाबायचं नाही. दाबलं की रेषा एकमेकींत मिसळतात. ३०० हा एरर म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे बायोमेट्रिक लॉक आहे, तिथे बोटं बदलून उपयोग नाही, आधारच्या ॲपमधून कुलूप उघडावं लागतं. तीन-चार बोटं नापास झाली की थांबायचं आणि आधार केंद्रावर ठसे नव्याने द्यायला सांगायचं.

सगळ्यात वाईट प्रसंग म्हणजे खात्यातून पैसे वजा झाले आणि आपल्या स्क्रीनवर व्यवहार फेल. अशा वेळी रोख द्यायची नाही, पण माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचंही नाही; फेलची पावती द्यायची, त्यावरच्या आरआरएन, म्हणजे व्यवहाराच्या नंबराखाली पेनने रेघ मारून. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार पाच दिवसांत रक्कम परत जमा व्हायला हवी आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे पावतीच्या मागे लिहून दिलं की माणूस बँकेत धीटपणे बोलतो. काढलेल्या पैशातून 'सर्व्हिस' म्हणून कापून घेणारे केंद्रचालक आहेत. आमच्या मते ती चोरी आहे. कमिशन बँकेकडून मिळतं.

२०२४ च्या लाडकी बहीण योजनेने काउंटरची बाजूच बदलली. महिना १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. आधी नवऱ्याबरोबर येणाऱ्या बायका एकट्या किंवा शेजारणीबरोबर येऊ लागल्या आणि बॅलन्स हळू आवाजात विचारू लागल्या. तेव्हापासून काउंटरवर मुलगी ऑपरेटर असतेच, शिल्लक तोंडाने सांगायची नाही हा नियम आहे, मिनी स्टेटमेंटची पट्टी घडी घालून हातात द्यायची. हप्ता जमा होतो त्या आठवड्यात गल्ल्यात रोख नेहमीच्या कितीतरी पट लागते. ती आदल्या दिवशी बँकेतून आणून ठेवली नाही तर सकाळी अकराला शटर ओढावं लागतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये याच योजनेला ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आली. बाईच्या आधारवर ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी. नवरा तोडीवर दुसऱ्या जिल्ह्यात, तिथे रेंज नाही, आणि ओटीपी दहा मिनिटांत मरतो. वर्षानुवर्षं आम्हीच सांगत आलो की ओटीपी कोणाला सांगू नका. आता तोच फोनवर विचारायची वेळ आली. म्हणून फोन बाईने स्वतः लावायचा आणि आकडे तिनेच टाइप करायचे, ऑपरेटरने हात लावायचा नाही. विधवा आणि घटस्फोटित बायकांसाठी मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय नंतर झाली. ती आधीपासून असायला हवी होती.

खरी अडचण आधारला जोडलेल्या नंबरची निघाली. पहिल्या नोंदणीच्या वेळी घरात फोन नव्हता म्हणून भाच्याचा, सरपंचाचा किंवा एखाद्या दुकानदाराचा नंबर टाकलेला. ते सिम आता भलत्याकडे. हे आमच्या केंद्रावर दुरुस्त होत नाही, त्यासाठी आधार केंद्रावर जावं लागतं, आणि लोक तिथे कागदांची अख्खी पिशवी घेऊन जातात, किंवा कागद नाहीत म्हणून जातच नाहीत. मोबाइल नंबर बदलायला एकही कागदपत्र लागत नाही, फक्त स्वतःचे ठसे लागतात. म्हणून आम्ही छापील चिठ्ठी देतो. तिच्यावर जवळच्या आधार केंद्राचा पत्ता, वेळ आणि सरकारी फी, आणि खाली ठळक अक्षरात: फक्त मोबाइल नंबर बदलणे, स्वतः जाणे, आधार नंबर लक्षात ठेवणे, पावती घेऊन आठवड्याने येणे.