जोशुआ ट्रीमध्ये हेजहॉग कॅक्टस बघायचा असेल तर

लॉस एंजेलिसहून पूर्वेला जाणाऱ्या आय-१० महामार्गाने साधारण अडीच तासांत जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या दक्षिणेकडच्या, कॉटनवुडच्या बाजूच्या प्रवेशाला पोचता येतं. बहुतेक लोक उत्तरेकडून शिरतात, कारण प्रसिद्ध जोशुआ झाडं आणि ग्रॅनाइटचे धोंडे तिकडे आहेत. आम्ही मुद्दाम दक्षिणेकडून गेलो. मार्चअखेर होती, आणि हेजहॉग कॅक्टस आधी खालच्या, उबदार भागात फुलतो.

जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच: तारीख ठरली असेल तर त्या तारखेला कुठली उंची फुललेली असेल ते बघा. सुमारे ३००० फुटांच्या खाली कोलोराडो वाळवंट आहे, तिथे क्रिओसोटची झुडपं आणि ओकोटिओ ही काटेरी, छड्यांसारखी झाडं. वर मोहावी वाळवंट, तिथे जोशुआ झाडं. बहर हळूहळू वर सरकत जातो. मार्चमध्ये कॉटनवुडच्या आसपास फिरा. एप्रिल उजाडला असेल तर वरचे खडकाळ भाग धरा. पाऊस कमी झालेल्या वर्षी फुलं मोजकीच असतात, म्हणून निघण्याआधी रेंजरना विचारून घ्यावं.

गाडीतून हा निवडुंग दिसत नाही. उंची जेमतेम गुडघ्यापर्यंत, आणि काटे इतके दाट की खोडाचा हिरवा रंगही झाकून जातो. खरबरीत मुरमाच्या उतारावर, दगडांच्या कडेला उभ्या खोडांचा झुबका शोधा. एका झुबक्यात कधी पाच, कधी चाळीस खोडं. जवळ बसून काटे बघा: एकाच गादीतून (काटे फुटतात त्या खोडावरच्या बारीक उंचवट्यातून) पिवळे, तपकिरी, राखाडी असे वेगवेगळ्या रंगांचे काटे निघतात, आणि मधल्या लांब काट्यांपैकी खालचा बहुतेकदा चपटा, पांढरट असतो. काट्यांची ही गादी म्हणजे निवडुंग कुळाची खूण. आपल्याकडे सह्याद्रीत ज्याला आपण निवडुंग म्हणतो, तो चीक येणारा थोर या कुळातला नाहीच.

खोडाचे उभे कंगोरे पाऊस पडला की फुगतात आणि कोरड्या दिवसांत आक्रसतात, त्यामुळे साल फाटत नाही. मुळं उथळ पसरलेली, म्हणून थोडकी सरही वाया जात नाही. पाणी उडून जाऊ नये म्हणून दिवसा खोडावरची रंध्रं मिटलेली. कार्बन डायऑक्साइड आत घेण्याचं काम रात्रीच्या गारव्यात. कळी तर चक्क खोडाची साल फोडून बाहेर येते. फूल मात्र त्या काटेरी अंगावर विश्वास बसू नये इतकं मऊ: गडद राणी रंगाच्या पाकळ्या, पिवळे पुंकेसर आणि मधोमध गर्द हिरवी कुक्षी (पराग धरणारं स्त्रीकेसराचं टोक). ही हिरवी कुक्षी दिसली की ओळख पक्की करायला मोठी मदत होते. रात्री फूल मिटतं, म्हणून पहाटेची धावपळ करू नका. ऊन नीट वर आल्यावर जा, तेव्हा आत मधमाश्याही असतात.

वरच्या भागात याचाच भाऊबंद, मोहावी माउंड कॅक्टस, भेटतो. त्याची फुलं लालभडक, आणि परागीभवन करतात हमिंगबर्ड. दोन्ही बघायचे असतील तर पिंटो बेसिन रस्त्याने दक्षिणेकडून उत्तरेला चढत जाणं सोयीचं. वाटेत चोया कॅक्टस गार्डन लागतं. तिथे पायवाट सोडू नका, चोयाचे तुकडे बुटाला सहज चिकटतात. खिशात कंगवा आणि चिमटा ठेवा. तुकडा हाताने ओढायचा नाही, कंगव्याने उडवायचा.

पार्कच्या आत पेट्रोल नाही, मोबाइलला रेंज जवळपास नाही. पेट्रोल इंडिओत किंवा चिरियाको समिटला भरा, नकाशा आधीच उतरवून घ्या. पाणी माणशी दिवसाला किमान चार लिटर. कॉटनवुडला मिळतं, पण पुढे आतल्या भागात धरून चालू नका.

एक आग्रह मात्र मनापासून: रोप, काटा, बी, काहीही उचलू नका. लॉस एंजेलिसच्या बागांसाठी इथले निवडुंग उपटून नेले जात होते, ते पाहून मिनर्व्हा हॉइट या बाईंनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि १९३६ साली हा प्रदेश राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाला. १९९४ मध्ये तो नॅशनल पार्क झाला. फोटोसाठी वाकतानाही पाऊल खडकावर किंवा वाळूच्या ओहोळात ठेवा. काळसर, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते, म्हणजे तिच्यावर सूक्ष्मजीवांचा थर असतो. एका पावलाने मोडलेला तो थर पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात.

मे उलटल्यावर जाणार असाल तर फुलं बहुधा संपलेली असतील, पण लाल फळं दिसू शकतात. फळ पिकलं की त्यावरचे काटे गळून पडतात, मग पक्षी आणि उंदीर ते फस्त करतात. त्या दिवसांत मात्र ऊन कडक, म्हणून सकाळी दहाच्या आत चालणं आटपा.