पूल उभा आहे का पडला?

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा नियम कुठल्याही गाइडात सापडतो. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. तेवढं पाठ केलं की गाळलेल्या जागांचे मार्क पदरात. आमच्या इंग्रजीच्या बाईंना मात्र त्यात रस नव्हता. त्या म्हणायच्या, “घोडं अडतं ते क्रियापदापाशी.”

आणि ते खरंच आहे. ‘मी दहा वर्षांपासून सांगलीत राहतो’ असं म्हणून आपण मोकळे होतो. इंग्रजीला नुसतं ‘आय लिव्ह’ चालत नाही. मागे सुरू झालेलं आजपर्यंत चालत आलं असेल, तर ‘आय हॅव लिव्ह्ड’ किंवा ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ म्हणावंच लागतं. बाई हे व्याकरणाच्या भाषेत क्वचितच सांगत. सांगलीचा आयर्विन पूल 1929 साली खुला झाला, हे फळ्यावर लिहून विचारत, “उभा आहे का पडला?” उभा आहे म्हटलं की ‘हॅज स्टुड सिन्स 1929’.

त्याहून हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं, उदाहरण मला आवडायचं. हळद दोन वर्षं पेवात आहे: ‘हॅज बीन इन द पेव फॉर टू इयर्स’. काढून विकली, की ‘वॉज इन द पेव फॉर टू इयर्स’. ‘फॉर टू इयर्स’ जागचं हलत नाही, काळ बदलतो! नुसत्या ‘फॉर’वर नजर ठेवणारे इथे हमखास फसायचे. पाऊस सोमवारपासून पडतोय, तर ‘हॅज बीन रेनिंग’ ठीक. पण माणसाला ओळखत असलो, तर ‘हॅव नोन’च. ‘बीन नोइंग’ म्हणणाऱ्याला बाई विचारत, “ओळख काय मधूनमधून बंद करतोस का रे?”

सध्या मी मार्केट यार्डातल्या एका पेढीवर बाहेरची पत्रं बघतो. भडंगाच्या दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘सिन्स’ आणि साल चालून जातं, पत्रात चालत नाही. परवा नव्या मुलाने ‘वुई आर सप्लाइंग यू सिन्स 1996’ असा मसुदा आणला. ‘वुई हॅव बीन सप्लाइंग’ करून दिला. ते गिऱ्हाईक तुटलं असतं, तर ‘वुई सप्लाइड’ करावं लागलं असतं, सिन्स काढून फ्रॉम घालावं लागलं असतं, आणि पुढे शेवटच्या मालाचं सालही.