निवडणुकीतले दिवस : मे ते जुलै १९९१

१८ मे, शनिवार

आज पुन्हा बँकेत जाऊन आलो, मालक आणि मी. जर्मनीहून मागवायच्या कार्बाइड टिप्सचं एल.सी., म्हणजे परदेशी विक्रेत्याला पैसे देण्याचं बँकेचं हमीपत्र, उघडायचं होतं. मॅनेजरांनी काही न बोलता रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पुढे सरकवलं. देशात डॉलरची टंचाई, म्हणून आयातीवर बँकेत आधी ठेवायचं रोख मार्जिन ऑक्टोबरात ५० टक्के होतं, मार्चमध्ये १३३ झालं, आता २०० टक्के. १ लाखाचा माल हवा असेल तर आधी २ लाख रोख बँकेत ठेवायचे. भोसरीतल्या आमच्यासारख्या छोट्या वर्कशॉपने एवढी रक्कम आणायची कुठून? रिक्षात बसल्यावर मालक एवढंच म्हणाले, "ताई, जूनपासून तिसरी पाळी बंद."

टेम्पररी मुलांना ब्रेक द्यायची, म्हणजे तूर्त कामावरून थांबवायची, यादी मीच टाइप केली. त्यातला एक माझ्या टेबलापाशी आला, हातातली टोपी चुरगाळत म्हणाला, "मॅडम, परत कधी बोलावणार?" मी म्हटलं, "निवडणूक होऊ दे, मग बघू." त्याला ते पटलं असावं, मान हलवून गेला. मला मात्र घरी येईपर्यंत तेच खात राहिलं. निवडणूक झाल्यावर नेमकं काय होणार आहे? आठवड्याभरात आमच्याकडे मतदान आहे आणि ज्या कारणाने त्या मुलाची पाळी गेली, त्यावर एका शब्दाने कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. भिंतींवर राममंदिर आहे, मंडल आहे, 'स्थिर सरकार' आहे. डॉलर कुठेच नाहीत.

२२ मे

राजीव गांधी गेले. काल रात्री श्रीपेरुंबुदूरला प्रचारसभेत बॉम्बस्फोट. सकाळी रेडिओ लावला तेव्हा सासूबाई देवापुढे बसल्या होत्या, त्या तशाच उठून आल्या. इंदिराबाईंनंतर सात वर्षांच्या आत तोच प्रकार. पुणं बंद आहे. राहिलेलं मतदान जूनवर गेलं. आज बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

जून, मतदानाच्या आदल्या रात्री

सगळे झोपलेत. उद्या सकाळी लवकर मत टाकून यायचं ठरलंय आणि माझं अजून ठरत नाही.

आधी मला जे कळतं ते लिहून काढते. गेल्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं. तेल महागलं. ऑक्टोबरात पेट्रोलवर २५ टक्के आखाती अधिभार बसला, तेव्हापासून ह्यांची स्कूटर जिन्याखाली उभी असते. धाकटे भाऊजी कुवेतहून अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरले. सोबत एक बॅग आणि तिकडच्या बँकेचं पासबुक. त्या पासबुकाचे इथे कोण पैसे देणार? त्यांच्यासारखे लाखावर लोक परत आले. दर महिन्याला त्यांचे ड्राफ्ट यायचे ते थांबले, म्हणजे देशात येणारं परकीय चलनही थांबलं. भाऊजी परवा जेवताना म्हणाले, "वहिनी, आम्ही पाठवत होतो तोवर कुणी मोजलं नाही." बाहेर स्थायिक झालेले आपलेच लोक इथल्या ठेवी काढून घेताहेत. जानेवारीत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घेतलं, तेही पुरलेलं नाही. पेपरात येतं की शिल्लक परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं आहे.

ही माहिती अर्थ पुरवणीच्या कोपऱ्यात येते आणि पहिल्या पानावर सभांचे आकडे येतात, याचा मला फार त्रास होतो. यंदा पुरता अर्थसंकल्पसुद्धा झालेला नाही. मार्चमध्ये अर्थमंत्री यशवंत सिन्हांनी लेखानुदान घेतलं, दोनच दिवसांनी पंतप्रधान चंद्रशेखरांनी राजीनामा दिला, आणि तेव्हापासून देश तात्पुरत्या मंजुरीवर चाललाय. मी हिशेबातली बाई आहे. ताळेबंद न दाखवता कोऱ्या कागदावर सही मागणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. उद्या माझ्याकडून नेमकी तशीच सही मागितली जाणार आहे.

काँग्रेसच्या जाहीरनाम्यात लिहिलंय की १०० दिवसांत भाव जुलै १९९० च्या पातळीवर आणू. मीठ, रॉकेल, डिझेल, खाद्यतेल, अशी यादीच आहे. वाचून पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रॉकेलच्या रांगेत तास तास उभं राहणाऱ्या बाईला बरं वाटणारच. पण मग पेन घेऊन बसले. रॉकेल स्वस्त द्यायचं तर फरकाचे पैसे सरकारने भरायचे. सरकारकडे पैसे नाहीत. तेल बाहेरून आणायला डॉलर नाहीत. मग भाव मागे जाणार कसे? भाजपवाले 'राम, रोटी और इन्साफ' म्हणतात. त्यातल्या रोटीचा हिशेब मी त्यांच्या पत्रकात दोनदा शोधला. जनता दलाला विचारावं तर त्यांचंच सरकार अकरा महिन्यांत पडलं.

पुण्यात काँग्रेसचे विठ्ठलराव गाडगीळ आणि भाजपचे अण्णा जोशी. दोघेही शिकलेले, अनुभवी. गाडगीळांना दिल्लीची सगळी माहिती असणार, अण्णा जोशी गल्लीबोळातला माणूस ओळखतात. हे म्हणतात, माणूस बघून मत दे. सासूबाई म्हणतात, राजीवसारख्या पोराचा जीव गेला, आता विचार कसला करतेस. मला त्यांचं दुःख कळतं, मीही रडले होते. पण दुःखावर मत देणं मला जमणार नाही.

मला एकच हवंय. पाच वर्षं टिकणारं सरकार, ज्याला कर्ज देणाऱ्यांसमोर ताठ बसून बोलता येईल. नोव्हेंबर ८९ पासून दोन पंतप्रधान झाले आणि दोघेही दुसऱ्याच्या पाठिंब्यावर. उद्याच्या सरकारला कडू औषध द्यावं लागणार, हे मला बँकेच्या त्या परिपत्रकावरून दिसतंय. ते देण्याइतकं बहुमत कुणाला मिळू शकेल? या एका प्रश्नावर हात पंजाकडे जातो. जाहीरनाम्यातल्या त्या १०० दिवसांवर माझा विश्वास नाही, आणि ज्यावर विश्वास नाही त्यालाच मत द्यायचं, हे मनाला लागतंय. तरी देणार.

२५ जुलै, गुरुवार

आज कंपनीला सुट्टी, म्हणून काल संध्याकाळचा अर्थसंकल्प पेपरात नीट वाचता आला. पेट्रोल आणि घरगुती गॅस २० टक्क्यांनी वर, खतं ४० टक्क्यांनी, साखरही महाग. या महिन्यात रुपयाचं अवमूल्यन दोनदा झालं, १ तारखेला आणि ३ तारखेला. रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं गहाण ठेवायला परदेशी गेलं. त्याआधी मे महिन्यात, म्हणजे आम्ही मतदानाची वाट बघत असताना, जप्तीचं २० टन सोनं बाहेर विकलं गेलं होतं. भाव मागे नेण्याचं काय, तर ते शक्य नाही, असं मनमोहन सिंगांनी अर्थमंत्री झाल्यावर सांगूनच टाकलं.

मला त्यांचा राग नाही. त्यांचं बोलणं मी टीव्हीवर ऐकलं, माणूस खरं बोलतोय असं वाटलं. तिजोरी रिकामी आहे हे या सगळ्या काळात प्रथमच कुणीतरी सरळ माझ्या तोंडावर सांगितलं. राग आहे तो यासाठी की ते जुलैत सांगितलं. मे महिन्यात सांगितलं असतं तरी मी मत दिलं असतं, आणि ब्रेक मिळालेल्या त्या मुलाला टेबलाशी बसवून समजावून सांगता आलं असतं. तो मागच्या आठवड्यात पुन्हा आला होता. मालक म्हणतात, डॉलर महाग झाला तरी आयातीचे नियम सैल होताहेत, दिवाळीपर्यंत थांबूया. मी त्याला तेवढंच सांगितलं, जास्तीची एकही आशा लावली नाही.

पुण्यातून अण्णा जोशी निवडून आले. माझं मत त्यांना नव्हतं, पण आता खासदार तेच आहेत, आणि विरोधी बाकावर आहेत. त्यांना पोस्टकार्ड लिहिलंय. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून मागणी एकच ठेवली: अर्थसंकल्पावरच्या चर्चेत उभे राहून विचारा की सोनं विकायचं ठरलं तेव्हा कोणकोणत्या पक्षाच्या नेत्यांना ते माहीत होतं, आणि त्यांच्यापैकी कुणी ते सभेत का सांगितलं नाही. यात तुमचा पक्षही आला, असं खाली लिहिलंय. पुढच्या निवडणुकीआधी देशाची शिल्लक आणि देणी मतदारांपुढे मांडावीत, असा नियम व्हावा, हेही कडेला बारीक अक्षरात बसवलं. पत्ता लिहून झालाय. उद्या सकाळी बसस्टॉपजवळच्या पेटीत टाकते.